शब्दचर्चा: ‘कंडक्टिव्ह इंक’ म्हणजे वाहक शाई? पुठ्ठ्यावरच्या स्पर्शकळांसाठी शब्द हवेत

रेघोटी
शाळांच्या कार्यशाळेसाठी एक माहितीपत्रक मराठीत करायचे आहे. वस्तू अशी: ३०० जीएसएम कार्डशीटवर कार्बनच्या कंडक्टिव्ह इंकने छापलेली चार गोल ‘बटणे’, प्रत्येकापासून कडेपर्यंत एक रेघ, कडेला तांब्याची चिकटपट्टी आणि पुढे स्पर्श ओळखणाऱ्या एमपीआर१२१ चिपचा बोर्ड. बोट लावले की आवाज वाजतो. मसुद्यातले पहिले वाक्य सध्या असे आहे: ‘वाहक शाईने मुद्रित केलेले स्पर्शसंवेदनशील नियंत्रण दाबा.’ सहावीतल्या मुलाला हे वाचता येईल, पण कळणार नाही. कंडक्टिव्ह इंक, टच पॅड, शीट रेझिस्टन्स, थ्रेशोल्ड आणि बेसलाइन, एवढ्यांना शब्द सुचवा.

शब्दपारखी
‘वाहक’ म्हटले की महाराष्ट्रात आधी एसटीतले वाहक आठवतात, मग रोगवाहक डास. पाठ्यपुस्तकात ‘सुवाहक’ आहे, पण या शाईला ‘सु’ लावावे का, हे जाणकारांनी सांगावे. ‘मालवाही’, ‘जलवाही’ या चालीवर ‘वीजवाही शाई’ कसे वाटते? वृत्तपत्रांत ‘वीजवाहक तारा’ रोज छापून येते, त्यामुळे मुलांना ते परके वाटणार नाही.

गंमत म्हणजे ‘शाई’ हा शब्द फारसी ‘सियाही’वरून आला, म्हणजे मुळात काळेपणा. कार्बनची शाई काळीच असते, तेव्हा इथे तो अगदी चपखल बसतो. ‘चांदीची शाई’ म्हणताना मात्र आपण ‘लाल शाई’सारखेच व्युत्पत्तीकडे डोळेझाक करतो.

ओहमकार
‘सु’ नकोच. हिशेब बघा. बेअर कंडक्टिव्ह या लंडनच्या कंपनीचा ‘इलेक्ट्रिक पेंट’ हा या वर्गातला प्रसिद्ध माल. त्याचा थर ५० मायक्रॉन जाड असेल तर रोध साधारण ५५ ओहम प्रति चौरस येतो. त्यावरून काढलेली रोधकता तांब्याच्या सुमारे १ लाख ६० हजार पट भरते. तिला सुवाहक म्हटले की मुले तिची तार समजून वापरतात आणि मग ‘एलईडी पेटत नाही’ अशी तक्रार येते. ३ व्होल्टचा बटणसेल, लाल एलईडी आणि मध्ये शाईची पावणेतीन हजार ओहमची रेघ, म्हणजे प्रवाह जेमतेम एक तृतीयांश मिलिअँपिअर. एलईडी अंधारात बघितला तर दिसेल.

स्पर्शासाठी मात्र हाच रोध चालतो, कारण तिथे प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. फक्त काही पिकोफॅरड धारिता (कपॅसिटन्स, म्हणजे वीजभार साठवण्याची क्षमता) भरायची आणि रिकामी करायची असते. ‘वीजवाही’ला माझे मत. ‘वाही’ म्हणजे वाहते, कशी वाहते याचे आश्वासन त्यात नाही.

छापखानेवाला
शाई की रंग, हाही प्रश्न आहेच. पेनच्या नळीतून दाबून काढतो तो माल पेस्टसारखा असतो, त्याला रंग म्हणणे बरोबर. स्क्रीनवर ओढतो ती शाई. पत्रकात स्क्रीनने छापलेले कार्ड आहे, तर ‘शाई’च ठेवा.

ज्यांना हे लग्नपत्रिकांच्या स्क्रीनवर करून बघायचे आहे त्यांच्यासाठी: मेश (स्क्रीनची जाळी) जाडी घ्या, सेंटीमीटरला ४३ धाग्यांच्या आसपास. बारीक मेशमधून कार्बनचे कण नीट उतरत नाहीत आणि थर पातळ बसतो. शाई पाण्यातली असेल तर इमल्शन (स्क्रीनवर स्टेन्सिल बनवणारा लेप) पाण्याला टिकणारे लागते. सॉल्व्हंट शाईसाठीचे इमल्शन वापरले तर काही प्रतींनंतर स्टेन्सिलच्या कडा विरघळू लागतात आणि रेघा फुगतात. प्रत्येक प्रत काढल्यावर शाई हलक्या हाताने पुन्हा स्क्रीनभर पसरून ठेवा, नाहीतर ती जाळीतच सुकते. पहिला हात पूर्ण सुकू द्या, मग दुसरा द्या. ओल्यावर ओले दिले तर कडा पसरतात आणि शेजारच्या दोन रेघा जुळतात.

रेघोटी
‘वीजवाही शाई’ घेतली. आता ‘शीट रेझिस्टन्स’. मसुद्यात ‘पृष्ठरोध: ५५ ओहम प्रति चौरस’ असे लिहिले आहे.

ओहमकार
सगळ्यात मोठा घोळ इथे आहे. मराठीत ‘चौरस’ म्हटले की पुढे फूट, मीटर किंवा सेंटीमीटर येणारच, अशी कानाला सवय आहे. ‘५५ ओहम प्रति चौरस’ वाचणारा लगेच विचारतो, चौरस काय? आणि उत्तर मिळाले नाही की स्वतःच ‘सेंटीमीटर’ धरतो.

त्याने काय होते ते पाहा. रेघ १५० मिमी लांब, ३ मिमी रुंद. चुकीच्या वाचनाने क्षेत्रफळ साडेचार चौरस सेंटीमीटर, म्हणून रोध सुमारे २५० ओहम. खरे उत्तर: ३ मिमी बाजूचे चौकोन त्या रेघेत ५० बसतात, म्हणून ५० गुणिले ५५, म्हणजे २७५० ओहम. अकरा पट चूक. आणि आकड्याहून वाईट म्हणजे दिशा उलटी होते. चुकीच्या समजुतीत रेघ रुंद केली की क्षेत्रफळ वाढते, म्हणून रोध वाढेल असे वाटते. प्रत्यक्षात रुंद रेघेत चौकोन कमी बसतात आणि रोध घटतो. ३ मिमीची रेघ ६ मिमी केली की २५ चौकोन, १३७५ ओहम.

चौकोन केवढा, याला इथे अर्थच नाही. नखाएवढा चौकोन असो की टेबलाएवढा, थर तेवढाच जाड असेल तर समोरासमोरच्या दोन बाजूंमधला रोध तोच. लांबी दुप्पट केली की रोध दुप्पट, रुंदी दुप्पट केली की निम्मा, दोन्ही एकदम केले की फिटंफाट.

शब्दपारखी
मग ‘चौरस’ सोडा आणि ‘घर’ घ्या. बुद्धिबळाच्या पटावर घरे असतात, सारीपाटावर असतात, आलेखाच्या कागदालाही मुले घरेच म्हणतात. ‘घर’ म्हटले की कोणी ‘किती सेंटीमीटरचे?’ विचारत नाही, फक्त किती घरे ते मोजते. ‘दर घरी ५५ ओहम. रेघेच्या रुंदीएवढ्या बाजूची किती घरे रेघेत बसतात ते मोजा.’

ओहमकार
मान्य, बिनशर्त. मात्र सोबत ‘५० मायक्रॉन थराला’ हे लिहाच. थर निम्मा झाला तर दर घरी ११० ओहम होतात, आणि स्क्रीनचा एक हात बहुधा पातळच बसतो. पत्रकातला आकडा प्रमाण न मानता चाचणीपट्टी छापा: १० मिमी रुंद, १०० मिमी लांब, म्हणजे दहा घरे. दोन्ही टोकांना पूर्ण रुंदीभर तांब्याची पट्टी, त्यावर मल्टिमीटर, आलेल्या आकड्याला दहाने भागा. मीटरची टोके थेट शाईत खुपसू नका, ती खरवडतात आणि टेकणारा भाग टिंबाएवढा असल्याने आकडा जास्त येतो. ओल्या शाईचा आकडाही धरू नका. पाणी उडून कण एकमेकांना टेकले की मगच खरा रोध दिसतो.

एमपीआर१२१ नेहमीच्या मांडणीत धारिता भरायला अर्धा मायक्रोसेकंद देते. म्हणून रेघेचा रोध १० किलोओहमच्या आत असावा. त्याच्या फार पुढे गेले की टिकली पुरती भरत नाही आणि लांबची कळ जवळच्या कळीपेक्षा मंद वाटते.

रेघोटी
‘टिकली’ म्हणजे पॅड ना? मी ‘विद्युतअग्र’ लिहिले होते.

शब्दपारखी
अग्र म्हणजे टोक. १५-२० मिमीच्या गोल ठशाला टोक कसे म्हणावे? ‘टिकली’ झकास. दिवाळीत टिकल्या फोडतात एवढीच अडचण, पण ती मुलांना आवडेल.

ओहमकार
टिकली म्हणजे शाईचा गोल, कळ म्हणजे टिकली, रेघ आणि चिप मिळून होणारे काम, असा भेद ठेवा. दुरुस्तीला उपयोगी पडतो: टिकली शाबूत आहे पण कळ लागत नाही, तर दोष रेघेत किंवा जोडात.

टिकलीचा आकार बोटावरून ठरतो. टेकलेल्या बोटाचा ठसा १० मिमी व्यासाचा धरला आणि टिकली कार्डाच्या मागे, मध्ये ०.३ मिमी पुठ्ठा, तर धारिता साधारण ७ पिकोफॅरड. पुठ्ठ्याऐवजी ३ मिमी ॲक्रिलिक आले तर दहावा हिस्सा, ०.७. म्हणून मागच्या बाजूला छापून पुढे चित्र ठेवणे सहज जमते, पण फ्रेममध्ये जाड काचेमागे घातले की कळा बहिऱ्या होतात.

छापखानेवाला
वाक्यातल्या ‘दाबा’वर कोणी बोलले नाही. तो शब्द काढाच. ‘दाबा’ वाचले की मूल अंगठ्याने जोर लावते. कार्ड टिकलीखाली वाकते आणि टिकली जिथे रेघेला मिळते त्या मानेवर केसाएवढी चीर पडते. कळ कधी लागते, कधी नाही, आणि सगळे चिपला दोष देतात. ‘बोट टेकवा’ लिहा. मान सरळ न ठेवता पाण्याच्या थेंबासारखी निमुळती करा आणि त्या भागाखाली जाड पुठ्ठा लावा.

घडीवरही हेच. आधी क्रीझ मारून घडी घाला, उलगडा आणि मग छापा. घडी ओलांडायचीच असेल तर तेवढा भाग शाईवर सोपवू नका, तांब्याची पट्टी टाका. पट्टी आधी चिकटवायची आणि शाई तिच्यावर १० मिमी चढवायची. उलटे केले, म्हणजे शाईवर पट्टी लावली, तर मध्ये गोंद येतो आणि बऱ्याच पट्ट्यांचा गोंद वीज नेत नाही. शाईवर सोल्डर मात्र धरत नाही, कार्ड जळते. सोल्डर करायचे तर पट्टीच्या बाहेर काढलेल्या टोकावर.

अनामिक वाचक
रेघांवर बोट पडले तरी आवाज वाजतो. वर लॅमिनेशन केले की थांबेल का?

ओहमकार
नाही. ‘स्पर्श’ या शब्दाने झालेला हा आणखी एक गैरसमज. चिपला स्पर्श कळतच नाही, तिला वाढलेली धारिता कळते. प्लास्टिकच्या पातळ थराने वीज अडते, धारिता अडत नाही. रेघ ही लांबट टिकलीच आहे. उपाय असे: रेघ बारीक करा (दीड-दोन मिमी, पण घरे मोजून), बोटे जिथे जाणार नाहीत तिथून न्या, आणि जमल्यास मागून नेऊन तिच्यावर ५ मिमी फोमबोर्ड ठेवा. दोन रेघा शेजारून नेताना किमान ५ मिमी अंतर सोडा.

म्हणून ‘स्पर्शसंवेदनशील’ मला खटकते. संवेदनशील माणसे असतात. ‘स्पर्शकळ’ पुरे.

रेघोटी
थ्रेशोल्डला ‘उंबरठा’ लिहिले आहे. ‘उंबरठा १२, सुटण्याचा उंबरठा ६’. बरोबर?

ओहमकार
शब्द बरोबर, वाक्य अपुरे. १२ हा टिकलीचा आकडा नव्हे, फरक आहे. बोट नसताना जो आकडा स्थिर असतो तो बेसलाइन. बोट टेकले की एमपीआर१२१चा आकडा खाली जातो. बेसलाइनपेक्षा १२ हून जास्त खाली गेला की ‘टेकले’, फरक ६ च्या खाली आला की ‘सुटले’. दोन्ही उंबरठे एकच ठेवले तर बोट काठावर असताना कळ फडफडते.

‘ओलांडणे’ हे क्रियापदही जपून वापरा. स्पर्श ओळखणारी दुसरी चिप म्हणजे ईएसपी३२. मूळ ईएसपी३२ मध्ये स्पर्शाने आकडा उतरतो, पण तिच्या एस२ आणि एस३ या प्रकारांत चढतो. एकीचा प्रोग्राम दुसरीवर तसाच चढवला की कळ सतत लागलेली दिसते, किंवा कधीच लागत नाही. ‘आकडा उंबरठ्यापेक्षा जास्त झाला की’ असे सरसकट लिहू नका.

शब्दपारखी
बेसलाइनला ‘आधाररेषा’ कोशाच्या वळणाचे होईल. ‘निवांत आकडा’ म्हणा: कोणी हात लावत नसताना दिसतो तो.

छापखानेवाला
‘निवांत’ आवडले, पण तो फार निवांत बसत नाही. पुठ्ठा हवेतले पाणी पितो. पावसाळ्यात कोकणातल्या वर्गात आणि उन्हाळ्यात विदर्भात तेच कार्ड वेगळा आकडा दाखवेल.

ओहमकार
सावकाश बदल चिप स्वतः सांभाळते, निवांत आकडा त्यामागून सरकवते. तिला चकवणाऱ्या गोष्टी दुसऱ्याच. सुरू करताना हात कार्डावर असेल तर हाताचाच आकडा ती निवांत धरते. चालू असताना रेघ दुरुस्त केली किंवा वायर हलवली तरी तेच. पत्रकात ठळक लिहा: हात बाजूला घ्या, मग वीज जोडा. काहीही हलवले तर बंद करून पुन्हा सुरू करा.

आणि बॅटरीवर कळा मंद वाटल्या तर शाईला दोष देऊ नका. बोर्ड ज्याला जोडला तो लॅपटॉप चार्जरवर असताना जमिनीशी नाते (अर्थिंग) असते, बॅटरीवर ते तुटते. उंबरठा १२ वरून ८ वर आणा आणि सुटण्याचा ४ करा.

रेघोटी
पहिले वाक्य आता असे: ‘हात बाजूला ठेवून वीज जोडा. मग काळ्या टिकलीवर बोट अलगद टेकवा.’ वीजवाही शाई, घरे आणि निवांत आकडा यांची चौकट मागच्या पानावर. ‘नियंत्रण’ हा शब्द कुठेच लागला नाही.

शब्दपारखी
‘अलगद’ राहू द्या. पण कार्ड मागून छापणार असाल तर टिकली दिसणारच नाही, तेव्हा ‘काळ्या टिकलीवर’ऐवजी चित्रात जे असेल त्याचे नाव घाला.