निफ्टीच घ्यायचा असेल, तर फंड मॅनेजर कशाला पोसायचा?

पै_पै
मुलगी दोन वर्षांची आहे. तिच्यासाठी महिना १०,०००ची एसआयपी करायची आहे, वीस वर्षं हात लावणार नाही. सध्या एका लार्ज कॅप, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या फंडात पैसे जातात. काल त्याची फॅक्टशीट, म्हणजे कुठे किती पैसे लावलेत त्याचा तक्ता, उघडली. वरचे शेअर वाचत गेलो तर एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक, रिलायन्स... निफ्टी फंडातही, म्हणजे मॅनेजरच्या निवडीशिवाय निफ्टी निर्देशांकातले शेअर तसेच्या तसे घेणाऱ्या इंडेक्स फंडातही, हीच मंडळी वर! बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या २०१७च्या नियमाने लार्ज कॅप फंडाला ८० टक्के पैसे पहिल्या शंभर कंपन्यांतच ठेवावे लागतात. मग मॅनेजर वेगळं करणार काय? खर्चाने परताव्यात एका टक्क्याचा फरक धरला, १२ टक्क्यांचे ११ झाले, तर वीस वर्षांनी साधारण १ कोटीऐवजी ८७ लाख हातात येतात. मी इंडेक्सकडे झुकलोय. अडवायचं असेल तर आत्ताच अडवा.

अण्णा_सांगलीकर
अडवतो. इंडेक्स फंडाला डोळे नसतात. येस बँक आठवते? २०१८च्या ऑगस्टमध्ये चारशेच्या घरातला शेअर मार्च २०२०मध्ये विसाच्या खाली. निफ्टीतून काढली तीही तेव्हाच, घर जळाल्यावर. वर हातातले पंचाहत्तर टक्के शेअर तीन वर्षं विकायला बंदी, त्यात इंडेक्स फंडही अडकले. शहाणा मॅनेजर आधीच बाहेर पडला असता.

उधारी_बंद
असता, अण्णा, असता! कुठला मॅनेजर शहाणा निघणार हे २०१८मध्ये कोणी सांगितलं असतं का? निफ्टीत वजन बाजारमूल्यावर ठरतं. शेअर पडत गेला तसं येस बँकेचं वजनही आपोआप घटत गेलं. आणि मॅनेजर वीस वर्षं त्याच खुर्चीत बसतो थोडाच! तो नोकरी बदलतो, आपली एसआयपी तिथेच.

अण्णा_सांगलीकर
लार्ज कॅपपुरतं मान्य, वाद नाही. पण स्मॉल कॅपमध्ये, म्हणजे छोट्या कंपन्यांत, बाजारमूल्याच्या २५१व्या क्रमांकापासून खालचा सगळा बाजार येतो. तिथे कारखान्यात जाऊन बघणारा माणूस लागतो. तिथला इंडेक्स मी घेणार नाही.

माहेरची_साडी
तुम्ही दोघं भांडा. पै_पै, आधी स्टेटमेंटवर ‘डायरेक्ट’ (एजंटशिवाय) आहे की ‘रेग्युलर’ (एजंटमार्फत) ते बघ. रेग्युलरचं कमिशन रोजच्या एनएव्हीतून, म्हणजे युनिटच्या भावातूनच जातं, खात्यातून वेगळं कापलेलं दिसत नाही. मला सात वर्षांनी कळलं. तरी एक सांगते, मार्च २०२०मध्ये बाजार कोसळल्यावर मी एसआयपी बंद करायला निघाले होते आणि माझ्या एजंटने फोनवर अर्धा तास घालून मला थांबवलं. ते कमिशन मला महाग वाटत नाही.

उधारी_बंद
ताई, अर्ध्या तासाचं कमिशन वीस वर्षं?

माहेरची_साडी
त्या अर्ध्या तासात माझे दोन लाख वाचले. तुमचा इंडेक्स फंड फोन करतो का?

उधारी_बंद
बरं, ते सोडा. पै_पै, जुने युनिट घाईने विकू नकोस. इंडेक्समध्ये हलवणं म्हणजे करासाठी विक्रीच. वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के लागतील. जुनं राहू दे, नवीन एसआयपी तेवढी वळव.

पै_पै
पाहिलं. ‘रेग्युलर-ग्रोथ’. एजंट माझा मावसभाऊ आहे. एसआयपी बंद केली की त्याला कळणार, दिवाळीत एकाच पंगतीत बसायचंय.

अण्णा_सांगलीकर
त्याला स्मॉल कॅपची छोटी एसआयपी दे. तुझी पंगत वाचेल, माझा मुद्दाही राहील.