अभ्यासाला कशाने लागलो आणि टिकलो कशाने? खानदेशातील अभ्यासकांचे अनुभव

एखादा विषय निवडण्याचे कारण आणि त्याच विषयात वर्षानुवर्षे राहण्याचे कारण बहुधा एक नसते, असे मला स्वतःच्या अनुभवावरून वाटते. म्हणून जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील अभ्यासकांना विनंती आहे की, पदव्या आणि पुरस्कार बाजूला ठेवून त्यांनी या दोन्ही कारणांविषयी मोकळेपणाने लिहावे. सुरुवात मी करते; माझ्यामागोमाग इतरांची उत्तरे आहेत.

भाषा, धुळे

आमच्या घरात अहिराणी आणि शाळेत प्रमाण मराठी होती. पाचवीत असताना मी ‘मला’ऐवजी ‘माले’ म्हटले म्हणून मला वर्गात उभे करण्यात आले आणि आमची बोली म्हणजे बिघडलेली मराठी, असे सगळ्यांसमोर सांगण्यात आले. ते मी खरे मानले. त्यानंतर आजीने ‘कथा जाई रायनी?’ (कुठे चालली आहेस?) असे विचारले, तरी मी मुद्दाम पुस्तकी मराठीत उत्तर देत असे, आणि ती काही न बोलता आपल्या कामाला लागत असे. त्याची बोच आजही आहे. एम.ए.च्या वर्षात ग्रंथालयात जॉर्ज ग्रिअर्सन या भाषाभ्यासकाच्या भारतातील भाषांच्या सर्वेक्षणाचा १९०७ सालचा खंड हाती आला. त्यात खानदेशी ही मराठीच्या खंडात नव्हती. ती भिल्ली भाषांच्या सोबत मांडलेली होती. या वर्गीकरणाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, हे मला पुढे कळले. पण आजीच्या तोंडचा ‘शे’ (आहे) गुजरातीतल्या ‘छे’शेजारी ठेवून पाहिला, तेव्हा ज्याला मी चूक समजत होते त्याला स्वतःचा इतिहास आहे, हे प्रथमच ध्यानात आले.

सुरुवात अशी अपमानातून झाली. परंतु अपमानाच्या बळावर वीस वर्षे काम होत नाही. मला टिकवले ते बायकांच्या बोलण्याने. उन्हाळ्यात अंगणात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालताना ज्वारीचा घाटा किती आळला, कापडावर तो किती पातळ थापायचा, वाळल्यावर कडा कशा सुटतात, यांतल्या प्रत्येक अवस्थेसाठी त्यांच्याकडे वेगळा शब्द असतो, आणि तीन गावे पुढे गेले की त्यांतला एखादा बदलतो. तो नेमका कोठे बदलतो, एवढे शोधण्यासाठी मी आजही एस.टी.ने फिरते.

वनस्पतिरोग, रावेर तालुका

मी बारावीत असताना आमच्या मृगबागेत, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या बागेत, केळीच्या कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे दिसू लागले. आमच्याकडे या रोगाला हरण्या म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव कुकुंबर मोझॅक व्हायरस, म्हणजेच सीएमव्ही. तो मावा किडीमार्फत पसरतो, म्हणून वडिलांनी दुकानदाराच्या सांगण्यावरून तीन फवारण्या केल्या. किडी मेल्या, रोग मात्र वाढत राहिला. ऑगस्टच्या झडीत वडील एकेक रोप मुळासकट उपटत होते आणि मी ती बांधापलीकडच्या खड्ड्यात नेऊन टाकत होतो. औषध लागू पडूनही रोग का थांबला नाही, याचे उत्तर तेव्हा गावात कोणाकडे नव्हते.

ते मला कृषी महाविद्यालयात मिळाले. मावा रोगट झाडाचा रस काही सेकंद चाखतो तेवढ्यातच विषाणू त्याच्या सोंडेला लागतो, आणि पुढच्या झाडावर तो तितक्याच थोड्या वेळात सोडला जातो. फवारणीने कीड मरण्याआधीच तिचे काम झालेले असते. शिवाय हा विषाणू काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची आणि कित्येक तणांवर राहतो, आणि आमच्या बागेला लागून काकडीचा वेल होता! ज्या दिवशी हे वाचले त्या रात्री मी वडिलांना फोन करून सगळे समजावले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘म्हणजे वेल आधी काढायचा होता.’ माझ्या पुढच्या सगळ्या अभ्यासामागे ते एक वाक्य आहे. रोगट रोपे वेळीच उपटून गाडणे आणि बागेजवळ काकडीवर्गीय पिके न घेणे हे उपाय साधे दिसतात, पण कारण समजल्याशिवाय शेतकरी उभे रोप उपटत नाही; आणि ते कारण त्याच्याच भाषेत सांगता येण्याइतके पक्के कळावे, म्हणून मी प्रयोगशाळेत बसतो.

गणित, चाळीसगाव

माझे कारण थोडक्यात सांगता येईल. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाची नोंद आहे, इ.स. १२०७ च्या सुमारास आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तो मठ स्थापन झाला. आमच्या गावापासून इतक्या जवळ कोणी तरी गणित शिकवत राहावे म्हणून जमीन आणि उत्पन्न लावून देत होते, हे कळल्यावर शिकवणे ही मला दुय्यम गोष्ट कधीच वाटली नाही.

पक्षी, शहादा

रानपिंगळा हे आमच्या सातपुड्याच्या पायथ्याचे घुबड. १८८४ नंतर त्याचा एकही खात्रीचा नमुना नव्हता. १९१४ साली गुजरातेत मिळाल्याची चिठ्ठी लावलेला एक नमुना होता, पण तो संग्रहालयातूनच चोरून खोट्या चिठ्ठीसह पुन्हा मांडलेला जुना पक्षी निघाला. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघड केली, खऱ्या जुन्या नोंदींचा माग घेतला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सहकाऱ्यांसह शहाद्याजवळ तो पक्षी पुन्हा पाहिला. ११३ वर्षे तो इथेच होता.

ही हकिकत मी महाविद्यालयात ऐकली आणि पक्षी पाहण्याच्या ओढीने जंगलात जाऊ लागलो. दिवसा वावरणारा हा पक्षी निष्पर्ण सागाच्या शेंड्यावर बसून शेपटी झटकताना प्रथम दिसला, तो आनंद मोठाच होता. पण तो दरवेळी तेवढाच राहत नाही. राहिली ती नोंद वहीत खरी उतरवण्याची जबाबदारी, कारण एका खोट्या चिठ्ठीने किती लोकांना चुकीच्या जागी शोधायला लावले, हे मी विसरू शकत नाही. तारीख, वेळ, झाडाची जात, ढोलीची उंची मी जागेवरच लिहितो. आवाज ऐकला पण पक्षी दिसला नाही, तर तसेच लिहितो. मागच्या हिवाळ्यातली माझी बरीच पाने अशीच आहेत.