शेत वाफशावर (मशागतीजोग्या ओलीवर) येईना, रोपं मात्र लावणीला आली. काय करू?

नमस्कार मंडळी,

पुरंदर तालुक्यात सासवडच्या पुढे आमची एकरभर बागायत आहे. मध्यम काळी जमीन, एका अंगाला उतार, स्वतःची विहीर. रासायनिक खतं-औषधं बंद करून बरीच वर्षं झाली, पीजीएस गटात (शेतकरीच एकमेकांची शेतं तपासून सेंद्रियची हमी देतात तो गट) आहोत. पुण्यातल्या तीसेक घरांना दर शनिवारी भाजीची पिशवी पोचवतो. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ घेतो आणि त्यातूनच बियाणं, मजुरी, टेम्पो भागतं.

यंदाचं वर्ष कसं गेलं ते इथे कुणाला सांगायला नको. २६ मे २०२५ला मॉन्सून पुण्या-मुंबईत हजर, आणि त्याच्या आधीपासूनच वळवाची झड लागलेली. आम्ही दरवर्षी मेमध्ये नांगरट करून जमीन तापत ठेवतो. यंदा ती तापलीच नाही, त्यामुळे हराळी आणि लव्हाळा जो माजलाय तो निघता निघत नाही. मांडवावरचा दोडका फुलात असतानाच गेला. मग मध्ये अशी उघडीप पडली की विहिरीचं पाणी द्यावं लागलं. आता सप्टेंबर संपत आला तरी रोज संध्याकाळी भरून येतंय. मराठवाड्यात पिकं तर गेलीच, वरची मातीही वाहून गेली. त्यांच्यापुढे आमचं रडगाणं काहीच नाही हे कळतं, पण शनिवार काही चुकत नाही.

आजची स्थिती: घेवडा पिवळा पडलाय. मेथी दोनदा पेरली, दोन्ही वेळा उगवून मर लागली. टोमॅटोच्या खालच्या पानांवर काळपट, पाणी शोषल्यासारखे डाग आहेत आणि सकाळी पानाच्या खालच्या बाजूला पांढरट बुरशी दिसते. पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत रुततं.

खरी अडचण रोपांची आहे. फ्लॉवर, कोबी, टोमॅटो आणि वांगी मिळून बरेच ट्रे शेडनेटखाली तयार आहेत. काल फ्लॉवरचं एक रोप उपसून बघितलं. मुळं कोकोपीटच्या गोळ्याभोवती गोल फिरलीत, तळाशी तपकिरी व्हायला लागलीत, आणि देठ खालून जांभळट व निबर झालाय. अजून आठवडाभर थांबले तर त्यांचं काय होणार हे दिसतंय. पण या चिखलात लावायची कशी?

नवरा म्हणतो, गादीवाफ्यांवर टोचून मोकळे होऊ. सासूबाई म्हणतात, वाफसा नसताना काळ्या रानात हात घातला की वर्षभर फेडावं लागतं. दोघांचंही पटतं, हीच पंचाईत आहे.

बाकी दोन प्रश्न. टोमॅटोवर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारलं तर सेंद्रियमध्ये चालतं ना? आणि पिशवीत घालायला या महिन्यात पुरेशी भाजी नाही, तर लोकांना काय सांगायचं? मंडईतून आणून भरायचा सल्ला एकाने दिला, तो मी ऐकूनच घेतला नाही.

आणखी एक. वरच्या बाजूच्या शेतातलं पाणी बांध फोडून आमच्यात उतरतं, आणि तिथे तणनाशक मारतात. याचं काय करावं?

– बांधावरची

*

जुन्या_वळणाचा:

सासूबाईंचं ऐका, ताई. काळ्या जमिनीत ओल्यात औत घातलं की ढेकळं पडतात आणि वाळली की ती कुदळीनेही फुटत नाहीत. खालचा थर असा दाबला जातो की पुढच्या पिकाची मुळं आडवीच पसरतात.

वाफसा बघायची सोपी रीत: वीतभर खालची मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून टाका. फुटून भुगा झाला तर रान तयार. नुसता चपटा झाला तर घरी जाऊन चहा प्या. वरची माती वाळलेली दिसते म्हणून फसू नका.

तोवर रिकामं बसायचं नाही. उताराच्या तोंडाशी आणि दोन-दोन वाफ्यांमध्ये चर काढा, टिकावाने काढला तरी चालेल. साचलेलं पाणी एक दिवस आधी निघालं तर मुळं वाचतात. घेवडा पिवळा पडलाय तो बहुतेक मुळांना हवा न मिळाल्याने आणि नत्र वाहून गेल्याने. त्यावर लगेच शेणखत ओतायला धावू नका. पाणी निघू द्या, मग पातळ जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून केलेलं) मुळांशी ओतून द्या.

*

रोपवाटिका_जुन्नर:

सगळी रोपं एका मापाने मोजू नका. इथेच उत्तर आहे.

टोमॅटोचं रोप उंच झालं तरी बिघडत नाही. खालची पानं काढून देठ मातीत खोल गाडला की त्याला देठावरून नवीन मुळं फुटतात. वांगीही बऱ्यापैकी सोसते. या दोन्हींना ट्रेमधून काढून कागदी कपात किंवा छोट्या पिशवीत माती, शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड घालून हलवा, अजून दोन आठवडे आरामात थांबतील. काम किचकट आहे, पण घरातले तिघे बसलात तर एका दुपारी होतं.

फ्लॉवर मात्र थांबत नाही. देठ निबर झालेलं, वय झालेलं रोप लावलंत तर ते पानं वाढवायच्या आधीच बटणाएवढा गड्डा धरतं आणि तिथेच संपतं. तुम्ही लिहिलेलं वर्णन वाचून मी म्हणेन, हे ट्रे सोडून द्या आणि आजच नवीन बी टाका. २५-३० दिवसांत रोप येईल, तोवर पाऊसही उघडेल आणि थंडीही लागेल. फ्लॉवरला ती हवीच असते. कोबीचं थोडं बरं असतं. त्यातली कोवळी निवडून ठेवा.

नवीन ट्रे भरताना कोकोपीटमध्ये ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपकारक बुरशी) मिसळा आणि पाणी फक्त सकाळी द्या. संध्याकाळी ओली राहिलेली रोपं रात्रीत कोलमडतात.

*

बांधावरची:

फ्लॉवरचं वाचून पोटात गोळा आला, पण कळलं. टोमॅटो-वांगी कपात हलवायला आजच घेते. दादा, मेथीचं काय? पालेभाजीशिवाय पिशवी कशी जाणार?

*

रोपवाटिका_जुन्नर:

मेथी जमिनीत नकोच आता. शेडनेटच्या कडेला जागा असेल तर विटा रचून फूटभर उंच वाफा करा, त्यात निम्मं शेणखत (चांगलं कुजलेलं), निम्मी माती, वर बांबूच्या कमानी वाकवून पारदर्शक प्लॅस्टिक. दोन्ही बाजू उघड्या ठेवा, नाहीतर आत वाफ कोंडून पुन्हा मर लागते. त्यात मेथी आणि लाल माठ महिन्याभरात कापणीला येतो. कोथिंबिरीला चाळीसेक दिवस धरा, आणि धणे रगडून दोन फाकी करूनच पेरा. तीस घरांना जुडी जुडी द्यायला असे तीन-चार वाफे लागतील, एकदम नाही, आठवड्याच्या अंतराने.

*

मोरचूद:

टोमॅटोवर तुम्ही लिहिलंय तो उशिराचा करपा आहे. काळपट ओले डाग आणि पानाखाली पांढरी बुरशी, दुसरं काही नाही. थंडगार दमट हवेत तो दोन-चार दिवसांत अख्खा प्लॉट घेतो, त्यामुळे हे काम आधी करा.

डागी पानं आणि फळं काढून शेताबाहेर खोल पुरा, कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. मग बोर्डो एक टक्का: १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं विरघळवायचं, मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या निवळीत हळूहळू ओतायचं. लोखंडी सुरीचं पातं मिनिटभर बुडवून काढा. त्यावर तांबूस थर चढला तर आम्ल शिल्लक आहे, आणखी चुना घाला, नाहीतर पानं जळतील. केलेलं त्याच दिवशी संपवायचं.

सेंद्रियमध्ये मोरचुदातलं तांबं सर्रास मारायची मुभा नाही. ते मर्यादित वापराच्या यादीत आहे, म्हणून फवारणीआधी तुमच्या पीजीएस गटाला सांगा आणि डायरीत तारीख, प्रमाण, कारण लिहा. बोर्डो निरोगी पानाचं रक्षण करतं, लागण झालेलं पान बरं करत नाही. आणि ट्रायकोडर्माही शेवटी बुरशीच आहे. दोन्ही एकदम दिलंत तर मोरचूद तिलाही मारेल. पालेभाजीवर याचा थेंबही नको.

हवामानासाठी मंगळवार-शुक्रवारी येणारा कृषी हवामान सल्ला बघत जा, मेघदूत ॲपवर मिळतो. फवारणीनंतर निदान काही तास पानं कोरडी राहतील असा दिवस गाठायचाय.

*

कोथरूडकर_ग्राहक:

शेतकरी नाही, पण अशीच पिशवी दुसऱ्या एका शेतावरून घेते म्हणून लिहिते. त्यांनी मागच्या पावसाळ्यात अर्धी पिशवी पाठवली, सोबत चिखलात बसलेल्या घेवड्याचा फोटो आणि दोन ओळी. आमच्या सोसायटीतल्या एकीनेही पैसे परत मागितले नाहीत. गुपचूप मंडईतली भाजी आली असती आणि ती कळली असती, तर मात्र त्याच दिवशी बंद केलं असतं. भाजी चिरताना कळतंच हो, इतक्या वर्षांत हाताला सवय होते.

तीन महिन्यांचे पैसे तुम्ही घेतलेत तर कमी पडलेल्या पिशव्या हिवाळ्यात भरून द्या. जानेवारीत वाटाणा येतोच ना तुमच्याकडे!

*

रानभाजी:

बांधावर काय उगवलंय ते बघितलंत का? घोळ, तांदुळजा, केना, पाथरी, शेवग्याचा पाला, अंबाडी. तणनाशकाचं पाणी येतं त्या बाजूची नको, विहिरीकडच्या अंगाची घ्या. पुण्यातल्या निम्म्या घरांना घोळ माहीत नसते, म्हणून सोबत कृती लिहून द्या: लसूण, मिरची, मुगाची डाळ, झालं. केन्याच्या पानांची भजी करा म्हणावं.

हो, आणि गटातल्या दुसऱ्या शेतकऱ्याचा दुधी किंवा भोपळा घेतलात तर पिशवीवर त्यांचं गाव लिहा. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

*

जुन्या_वळणाचा:

वरच्या पाण्याचं राहिलं. बांधाच्या आत, तुमच्या हद्दीत, दीड-दोन फूट खोल चर घ्या आणि ते पाणी ओढ्याकडे काढा. चराच्या आतल्या अंगाला गवती चहा किंवा गजराज गवताची दाट ओळ लावा. त्या पट्ट्यातलं काही विकू नका, आणि गटाच्या नोंदीत हे आधीच लिहून ठेवा, तपासणीत विचारतात. शेजारी मुद्दाम पाणी वळवत असेल तर मामलेदार न्यायालय कायदा १९०६ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. पण तहसीलच्या पायऱ्या चढण्याआधी एकदा त्यांच्या ओट्यावर जाऊन या. बांधाचं भांडण पिकापेक्षा जास्त टिकतं.

पंचनाम्याचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. ई-पीक पाहणीत (सातबाऱ्यावर पीक नोंदवायच्या सरकारी ॲपवर) भाजीपाला नोंदवला आहे का बघा. नोंद नसेल तर तलाठी तरी काय करणार? ३३ टक्क्यांच्या वर नुकसान असेल तरच मदत बसते, आणि केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषात बागायतीला हेक्टरी १७,००० म्हणजे एकराला सात हजारही नाहीत. राज्य वर काही देईल न देईल. तरी अर्ज सोडू नका, फोटो आजच काढून ठेवा.

*

बांधावरची:

सगळ्यांचे मनापासून आभार. फ्लॉवरचे ट्रे बाजूला काढले. सासूबाईंनी ती रोपं वासरापुढे टाकली, त्याला आवडली. टोमॅटो कपात गेले. चर काढायला नवरा आणि दीर उतरलेत, पाणी वाहतंय. शेजाऱ्यांकडे उद्या सकाळी सासऱ्यांना पाठवते, त्या दोघांची जुनी ओळख आहे.

ग्राहकांच्या ग्रुपवर घेवड्याचा फोटो टाकला. दोघींनी घोळीची कृती आधीच मागितली. एका काकांनी मात्र हिशेब विचारलाय, त्यांना हिवाळ्यात भरपाई देईन असं लिहून दिलं.

एकच राहिलं: कळीचा चुना बांधकामाच्या दुकानातला चालेल का? पाकिटातली पूड मिळते ती भुसभुशीत आहे, खडे नाहीत.

*

मोरचूद:

पूड नको, ती हवा लागून मेलेली असते. खडेच घ्या, पानाच्या चुन्याच्या घाऊक दुकानात मिळतात. मातीच्या मडक्यात भिजवा, पाणी थोडं थोडं घाला, खूप तापतो. डोळ्यांना चष्मा लावा आणि पोरांना लांब ठेवा. विरल्यावर फडक्यातून गाळल्याशिवाय पंपात ओतू नका, नोझल तुंबेल.