तुर्की वनस्पतींची नावं इंग्रजीत नेताना आधी जाती ओळखा, मग शब्द निवडा

मातीवेल: तुर्की पाककृती किंवा औषधी वनस्पतींवरचा मजकूर इंग्रजीत नेणाऱ्याने आधी शास्त्रीय नाव शोधावं, असं माझं ठाम मत आहे. 'केकिक'च घ्या. बहुतेक कोशांत समोर 'थाइम' असतं. पण तुर्कस्तानातून परदेशी जाणारा केकिक मुख्यतः ओरेगानो असतो. इझ्मिरचा केकिक म्हणतात तो ओरिगॅनम ओनाइटीस, म्हणजे ओरेगानोचीच एक जाती. थायमस (म्हणजे खरा थाइम), सातुरेया, थिंब्रा या वेगळ्या प्रजातींनाही तिथे केकिकच म्हणतात. साधनांची वानवा नाही. तुर्हान बायतोप यांचा वनस्पतिनामांचा कोश १९९४ चा आहे, आणि आदिल ग्युनेर यांनी संपादित केलेली देशभरातल्या वनस्पतींची यादी २०१२ मध्ये आली.

डोंगरवाट: अजिबात पटलं नाही. केकिक हे वासावरून पडलेलं नाव आहे. कार्व्हाक्रॉल नावाच्या द्रव्याचा तो उग्र वास आला, की झाला केकिक. इंग्रजीतही तेच चालतं! मेक्सिकन ओरेगानो तर ओरिगॅनमच्या कुळातलाही नाही. मूळ लेखिकेने 'चिमूटभर केकिक' एवढंच लिहिलं असेल, तर जाती ठरवणारे आपण कोण? ती अचूकता आपल्या पदरची.

मातीवेल: चिमूटभर मसाल्यापुरतं मान्य. पण 'चीदेम'चं काय? चीदेम म्हणजे क्रोकस. मध्य अनातोलियात, म्हणजे तुर्कस्तानच्या मधल्या पठारी भागात, वसंतात त्याचे कंद भातात शिजवतात, 'चीदेम पिलाव'. त्याच नावाआधी 'कडू' हे विशेषण लागलं की ते कोल्चिकम होतं. त्यात कोल्चिसीन हे विष असतं, आणि ते खाऊन माणूस दगावू शकतो. इंग्रजीत त्यालाही 'ऑटम क्रोकस' म्हणतात, म्हणजे इंग्रजी नाव अचूक लिहूनही वाचक फसणार. इथे शास्त्रीय नाव हवंच, तेही पाककृतीतच, मागच्या टिपांत नको.

सायली_पुणे: देफ्नेचंही तसंच. 'बे लीफ' हे भाषांतर बरोबर, पण ते वाचून आपल्याकडे तमालपत्र घालतात. ते दालचिनीच्या प्रजातीतलं, चव निराळी. सेमिझोतु मात्र आपली घोळाची भाजीच, तिथे निर्धास्त राहा.

निशिगंध: सगळे स्वयंपाकघरातच अडकलात. कवितेत काय करणार? 'तेर्स लाले' म्हणजे उलटं ट्युलिप. आग्नेय तुर्कस्तानातल्या हक्कारीच्या डोंगरांत हे फूल खाली मान घालून उमलतं, आत मधुरसाचे टपोरे थेंब असतात. म्हणून त्याला 'रडणारी नवरी'ही म्हणतात. इंग्रजीतलं रूढ नाव 'क्राउन इंपीरियल', म्हणजे शाही मुकुट! जाती तंतोतंत तीच, फ्रिटिलारिया इंपेरियालिस, आणि शोक पार पुसला गेला. मी तिथे 'उलटं ट्युलिप'च इंग्रजीत ठेवीन, ते ट्युलिप नसलं तरी.

मातीवेल: कवितेत ठेवा, हरकत नाही. पण तेच नाव कंद विकणाऱ्याच्या यादीत आलं, तर गिऱ्हाईक ट्युलिप समजूनच पैसे मोजेल.

डोंगरवाट: यादीपुरतं कबूल. पाककृतीत मी अजूनही 'केकिक'च ठेवणार, आणि पुढे एक ओळ, 'ओरेगानो किंवा थाइम, जो उग्र वासाचा मिळेल तो'.