पत्री सरकार की प्रतिसरकार?

प्रश्न : साताऱ्याच्या १९४३ ते १९४६ या काळातल्या चळवळीला काही ठिकाणी ‘प्रतिसरकार’ तर काही ठिकाणी ‘पत्री सरकार’ म्हटलेलं दिसतं. यातला बरोबर शब्द कोणता? ‘पत्री’ हा ‘प्रति’चा अपभ्रंश आहे की पायात खिळे ठोकण्याशी त्याचा संबंध आहे?

उत्तर : दोन्ही शब्द बरोबर आहेत, पण त्यांचा जन्म वेगवेगळ्या तोंडी झालाय.

‘प्रतिसरकार’ हा शब्द कार्यकर्त्यांचा आणि लिहित्या माणसांचा. ‘प्रति’ उपसर्गाला आपल्याकडे दोन अर्थ चिकटलेले आहेत. प्रतिपंढरपूर म्हणजे पंढरपूरसारखंच दुसरं, आणि प्रतिहल्ला म्हणजे समोरून आलेल्या हल्ल्याला दिलेलं उत्तर. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली जे उभं राहिलं त्यात हे दोन्ही अर्थ होते. एकीकडे इंग्रजांशी लढा, आणि दुसरीकडे गावोगाव न्यायदान मंडळं, तंट्यांचे निवाडे, सावकारीला आळा, कमी खर्चाचे ‘गांधी विवाह’. शिवाय तुफान सेना हे त्यांचं लढाऊ दल. कारभार आणि लढाई दोन्ही एका शब्दात बसवायचं तर याहून चपखल शब्द मला सुचत नाही.

‘पत्री’ ही मात्र गावाची भाषा. हरितालिकेला नि गणपतीला आपण वाहतो ती पत्री निराळी. शेतकऱ्याची पत्री म्हणजे बैलाच्या खुराला ठोकतात ती लोखंडी पट्टी. घोड्याला नाल, बैलाला पत्री. बैलाचा खूर दुभंगलेला असतो म्हणून एकेका पायाला दोन पत्र्या. दोरानं पाय आवळून बैल आडवा पाडायचा, चारी पाय एकत्र बांधायचे आणि मग खिळे मारायचे. हे दृश्य ज्यानं लहानपणापासून पाहिलंय त्याला ‘त्याला पत्री मारली’ हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

खिळ्यांची दंतकथा इथूनच आली असावी. खुद्द त्या कारवायांत असलेल्या माणसांनी पुढे सांगितलेली हकीकत अशी : पोलिसांच्या खबऱ्याच्या घराला रात्री वेढा घालायचा, त्याला गावाबाहेर न्यायचं, घोट्यांमध्ये काठी घालून पाय बांधायचे, उलटं धरायचं आणि फक्त तळपायांवर काठीनं मारायचं. बाकी अंगाला हात लावायचा नाही. मग त्याच्याच एखाद्या साथीदाराच्या पाठीवर त्याला घरी पाठवायचं. कित्येक दिवस त्याला धड चालता येत नसे. त्या लंगडण्याची जरब साऱ्या पंचक्रोशीला बसे. खिळे मारल्याचं या सांगण्यात कुठेही येत नाही, त्यामुळे ‘पायात पत्र्या ठोकत’ हे शब्दशः खरं मानून लिहू नये.

आता उच्चाराचं. ‘प्रति’चं ‘पत्री’ होणं अगदी शक्य आहे. नुकसानचं नुस्कान होतं, लखनौचं नखलौ होतं, तसंच हेही. पण नुसता वर्णविपर्यय, म्हणजे अक्षरांची अदलाबदल, म्हणून हा विषय संपवणं मला पटत नाही. जिभेला सोपं म्हणून शब्द बदलला आणि बदललेल्या शब्दाला गोठ्यातला अर्थ आधीच तयार होता, म्हणून तो टिकला. ‘पत्री’ला अशुद्ध ठरवून छापताना ‘प्रति’ करणारे संपादक त्या शब्दातली मारहाण पुसून टाकतात. ती पुसू नये. हे सरकार काठीच्या जोरावरही चालत होतं, आणि ते गावानं नावातच नोंदवून ठेवलंय.

पुरवणी प्रश्न : मग आजच्या भाषेत याला दहशतवाद म्हणायचं का? खजिने लुटणं, गाड्या लुटणं हेही त्यांनी केलंच ना?

उत्तर : नाही, मी म्हणणार नाही. ‘दहशत’ बसवणं त्यात होतं हे वर लिहिलंच आहे. पण ‘दहशतवाद’ म्हटलं की आज डोळ्यांसमोर येतो तो बाजारात, गाडीत, कुणीही सापडेल त्याला मारणारा स्फोट. इथे घाव कुणावर, का आणि अंगाच्या कोणत्या भागावर, हे आधी ठरलेलं असे. त्याआधीचं साल विसरू नका. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला, नऊ माणसं गेली. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात पुन्हा गोळीबार. मोर्चे काढून काय पदरी पडतं हे बघितलेल्या पोरांनी पुढचा मार्ग धरला.

‘लूट’ या शब्दावर त्या माणसांचा स्वतःचा आक्षेप होता. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी आगगाडी अडवली गेली. तुफान सेनेच्या एका सेनानींनी नव्वदी ओलांडल्यावरही ‘लुटली’ हा शब्द मान्य केला नाही. इंग्रजांनी इथल्या लोकांकडून लुटलेला पैसा आम्ही परत आणला, असं त्यांचं म्हणणं. एप्रिल १९४४ मध्ये धुळ्याकडे चिमठाण्याला सरकारी खजिना घेतला, त्याबद्दलही लिहिताना मी ‘हस्तगत केला’ असंच लिहीन. दरोडेखोर हा सरकारचा शब्द होता. याच लोकांनी त्या धामधुमीत माजलेल्या खऱ्या दरोडेखोरांचा बंदोबस्त केला, तेव्हा दोघांना एकच नाव देणं अन्यायाचं आहे.

त्या काळच्या मराठी लिखाणात हिंसक चळवळीला ‘अत्याचारी’ म्हणत आणि गांधीजींच्या असहकाराला ‘अनत्याचारी’. जुनी वर्तमानपत्रं वाचताना हे लक्षात ठेवा, नाहीतर ‘अत्याचारी तरुण’ वाचून भलताच गैरसमज व्हायचा. ‘अत्याचार’चा अर्थ आता पार सरकलाय.

असाच सरकलेला दुसरा शब्द मराठवाड्यातला ‘रझाकार’. मुळात अर्थ स्वयंसेवक. १९४७-४८ मध्ये कासिम रझवीच्या संघटनेनं निजामाच्या राज्यात जे केलं त्यानंतर हा शब्द शिवीच्या वाटेला लागला, आणि ‘रझाकारी’ म्हणजे जुलूम असा अर्थ रूढ झाला. साताऱ्यात काठीवरून पडलेलं ‘पत्री’ हे नाव लोक अभिमानानं मिरवतात, आणि तिकडे सेवेचा मूळ अर्थ असलेल्या शब्दानं अजून अंगावर काटा येतो. ज्यानं सोसलं त्यानं अर्थ ठरवला.

वाळवा, खानापूर, तासगाव या तालुक्यांतल्या मंडळींना माझी विनंती : तुमच्या घरात ‘पत्री मारीन’ ही धमकी अजून ऐकू येते का? येत असेल तर कोण कुणाला, कोणत्या प्रसंगी म्हणतं, ते तस्संच्या तसं इथे लिहा.