मे महिना, पाच दिवस, एक गाडी: इमॅजिका आणि दिवेआगर ते गणपतीपुळे किनारा जमेल का?

पुणेरी_प्रवासी
मेच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून निघतोय. आम्ही दोघं, ९ आणि ४ वर्षांची मुलं, आणि आई (वय ६८, गुडघेदुखी). गाडी सेदान. पहिला दिवस खोपोलीजवळच्या इमॅजिकाला, मग दिवेआगरपासून समुद्राकाठाने गणपतीपुळ्यापर्यंत आणि परत. मुक्काम रोज वेगळ्या गावी धरलाय. तीन प्रश्न आहेत. एवढं अंतर पाच दिवसांत जमेल का? जंगलजेटीवर (गाड्या खाडीपार नेणारी बोट) सेदान नेताना काय सांभाळायचं? आणि उन्हात पार्कचा दिवस कसा लावायचा?

घाटवाट
गणपतीपुळे काढून टाका, गुहागरला थांबा. नकाशावर किनाऱ्याची अंतरं फसवी दिसतात. आतले रस्ते अरुंद आहेत, वळणावर समोरून एसटी आली की एकाला मागे घ्यावंच लागतं. ताशी २५ किलोमीटरच्या वर सरासरी धरू नका. रोज नवा मुक्काम म्हणजे रोज बॅगा भरणं, आणि आईंचे गुडघे गाडीत आखडून जातील.

माझी मांडणी अशी:
पहिला दिवस इमॅजिका, मुक्काम खोपोली किंवा पालीत.
दुसऱ्या दिवशी सकाळी पालीचा बल्लाळेश्वर, मग वाकण फाट्यावरून माणगाव, म्हसळा, दिवेआगर. माणगावात शनिवार-रविवारी कोंडी ठरलेली, म्हणून हा टप्पा मधल्या वारी येऊ द्या.
तिसऱ्या दिवशी भरडखोल, शेखाडी, आरावीवरून श्रीवर्धन. सगळ्या सहलीतला हा सर्वांत देखणा तुकडा. समुद्र उजव्या हाताला अगदी रस्त्यालगत येतो, तेव्हा आईंना डावीकडे बसवू नका. पुढे हरिहरेश्वर आणि बागमांडल्याहून जंगलजेटीने वेसवी. मुक्काम दापोलीजवळच्या मुरूड-कर्दे भागात.
चौथ्या दिवशी दाभोळहून जंगलजेटीने धोपावे, मग गुहागर.
पाचव्या दिवशी चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, उंब्रज करत पुणे. मुलांसकट ७-८ तास धरा आणि सकाळी ७ ला निघा.

घाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरा. सतत ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो आणि पेडल मऊ पडतं. तसं जाणवलं तर थांबून निवू द्या, चाकावर पाणी मात्र ओतू नका. पेट्रोल तालुक्याच्या गावी भरूनच पुढे निघा.

खाडीकाठ
जेटीबद्दल. बहुतेक ठिकाणी गाडी उलटी, रिव्हर्समध्ये चढवावी लागते. आधी आईंखेरीज सगळ्यांना खाली उतरवा. वजन कमी झालं की गाडीचं पोट थोडं वर येतं, आणि आरशात बघायलाही सोपं जातं. पूर्ण ओहोटीला बोटीची फळी आणि धक्का यांत कोन पडतो, तिथे सेदानचा पुढचा बंपर किंवा सायलेन्सर घासतो. अशा वेळी घाई नको, पाणी चढेपर्यंत पुढच्या फेरीची वाट बघा. धक्क्याच्या खालच्या भागावर शेवाळ असतं, आईंना तिथून चालवू नका. त्यांना गाडीतच बसू द्या किंवा हात धरून मधून न्या. बोटीवर हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, इंजिन बंद.

शेवटच्या फेरीची वेळ त्या दिवशी फोन करून विचारा. दाभोळची शेवटची बोट चुकली तर दापोली, खेड, चिपळूण असा वळसा पडतो, म्हणजे १०० किलोमीटरहून जास्त.

भरती काढायचा जुना हिशेब अजून उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणजे दुपारी आणि पहाटे ३ च्या सुमारास भरती, ९ च्या सुमारास ओहोटी. अष्टमीला ६ वाजता भरती, १२ ला ओहोटी. वद्य पक्षातही प्रतिपदेपासूनच मोजा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून अचूक वेळ भरतीच्या तक्त्यात पाहा.

हाच हिशेब मुलांच्या पोहण्यालाही लावा. चतुर्थीला संध्याकाळी ५ ला पाण्यात उतरलात तर ऐन सुकतीत उतरलात, पाणी आत ओढतं. अष्टमीला त्याच वेळी पाणी चढतं असतं. चार वर्षांच्या मुलाला तरीही घोट्यापुढे नेऊ नका. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओढही जास्त.

आणि कर्द्याला वाळूवर गाडी घालू नका. बंदी असते, शिवाय चाक रुतलं की जोरात रेस केल्याने ते आणखी खोल जातं. तोवर भरती येते आणि खारं पाणी वायरिंगमध्ये शिरतं.

झुलापाळणा
पार्कबद्दल. मंगळ ते गुरु यांतला वार घ्या. थीम पार्क आणि वॉटर पार्क यांची तिकिटं वेगळी असतात. एकाच दिवशी दोन्ही करायला जाऊ नका, लहान मुलं दुपारी कोलमडतात.

दार उघडताच नायट्रो आणि गोल्ड रश एक्स्प्रेससारख्या उघड्यावरच्या राइड्स उरका. १२ ते ४ छपराखाली काढा: सलीमगड, अलिबाबा, डीप स्पेस. राजासॉरसमध्ये भिजायला होतं, ती दुपारीच ठेवा. अंधाऱ्या राइड्सना चार वर्षांचं मूल घाबरू शकतं, तेव्हा आजी किंवा तुमच्यापैकी एक जण बाहेर थांबेल असं आधी ठरवा.

घरी भिंतीशी उभं करून, चप्पल काढून मुलांची उंची मोजा आणि पार्कच्या यादीशी ताडून बघा. रांगेत तासभर उभं राहून पट्टीपाशी परत पाठवलं की नऊ वर्षांच्या मुलाचा दिवस तिथेच संपतो. वॉटर पार्क घेतलात तर नायलॉनचे किंवा लायक्राचे कपडे हवेत, सुती चालत नाहीत.

पुणेरी_प्रवासी
फारच उपयोगी. गणपतीपुळे रद्द. आई शाकाहारी आहे, गुहागरला जेवणाची अडचण येईल का? आणि मुलांना कासवं दिसतील का?

घाटवाट
अडचण नाही. घरगुती खानावळीत सकाळी १० च्या आत ताटं सांगून ठेवा, उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या रात्री. आयत्या वेळी गेलात तर भात-आमटीच उरलेली असते. वेळास-आंजर्ल्याची पिल्लं मुख्यतः मार्च-एप्रिलमध्ये सुटतात. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आशा धरू नका, मुलांना तसं आधीच सांगा.