मुलगा २० चा, अमेरिकेत आमच्यासमोर बसून बीअर घेतली तर चालते का?

लक्ष्मीनगरवाले काका

नमस्कार मंडळी. मुलगी डॅलसजवळ एमएस करून राहिली, ऑगस्टमध्ये तिचं कॉन्व्होकेशन आहे, म्हणून मी, बायको आणि धाकटा असे तिघं चाललो. जाताना दुबईत दोन रात्री थांबणार, शेवटी चौघं मिळून लास वेगास. मुलगी २४ ची, तिचा प्रश्न नाही. मुलगा २० चा आहे, ७ सप्टेंबरला त्याचे २१ पूर्ण होतात, म्हणजे आम्ही परत आल्यावर. घरी आमचं त्याच्याशी काही लपूनछपून नाही, कधीमधी माझ्यासोबत अर्धा ग्लास बीअर घेतो, बायकोला आवडत नाही पण ती बोलत नाही. आता तो म्हणतो की बाबा मी अ‍ॅडल्ट आहे, मतदान करतो, लायसन्स आहे, आणि तुम्ही स्वतः समोर बसलेले असताना कोण काय म्हणणार. मला पण पटलं थोडं. पण मुलगी फोनवर एकदम भडकली, म्हणे बाबा इथे असलं काही करू नका, माझ्या व्हिसाचे वांधे होतील. खरंच एवढं कडक आहे का ती उगाच घाबरून राहिली? कोणी राहून आलं असेल तर सांगा.

तर्रीबाज

काका तिकडचं सोडा, आधी इकडचं पाहा ना बाप्पा 😄 महाराष्ट्रात बीअर आणि वाइनले २१ लागतात आणि व्हिस्की, रम, व्होडका असल्या हार्डले २५. वरून परमिट पाहिजे, ते १९४९ च्या दारूबंदी कायद्यातलं, बारमध्ये कोणी विचारत नाही हा भाग वेगळा. म्हणजे तुमचा पोट्टा नागपुरात सदर भागातल्या बारमध्ये बसून बीअर पिऊन राहिला तर ते पण कायद्यात बसत नाही, अन् तुमची पोरगी २४ ची, तिले नागपुरात व्हिस्की चालत नाही पण डॅलसमध्ये चालते. मतदान १८ ले, पोराचं लग्न २१ ले, व्हिस्की २५ ले. आपल्या इकडे नवरदेवाले वरातीत नाचता येते पण पेग लावता येत नाही.

महालचा टेक्सन

काका, मी मूळचा नागपूरच्या महाल भागातला, आता डॅलसच्या बाजूला प्लॅनोत राहतो, बरीच वर्षं झाली. नीट सांगतो, थोडं लांब होईल.

अमेरिकेत सगळीकडे २१ आहे. १९८४ मध्ये केंद्राने कायदा केला की ज्या राज्यात २१ च्या खाली दारू विकत घेता येईल त्याच्या हायवेच्या निधीत कपात करू, मग हळूहळू सगळी राज्यं लायनीत आली. पण आईबाप सोबत असतील तर काय, हे राज्याराज्यात वेगळं आहे, आणि गंमत म्हणजे तुम्ही नेमके टेक्सासला येऊन राहिले. इथल्या कायद्यात २१ खालच्या मुलाने स्वतःचे आई किंवा वडील डोळ्यासमोर हजर असताना घेतली तर तो गुन्हा धरत नाहीत. म्हणजे तुमचा मुलगा म्हणतो ते टेक्सासपुरतं चूक नाही. विस्कॉन्सिनमध्ये पण असंच काहीसं आहे.

आता पुढचं वाचा, कारण घोळ इथेच होतो.

एक तर विकत तुम्हीच घ्यायची, त्याने ऑर्डर पण द्यायची नाही. दुसरं, रेस्टॉरंटवर काही बंधन नाही, ते सरळ नाही म्हणू शकतात आणि बहुतेक ठिकाणी म्हणतातच, कारण लायसन्स त्यांचं जातं, तुमचं काय जातं. माझी मावशी आली होती तेव्हा तिच्या १९ वर्षांच्या मुलासाठी आम्ही विचारलं होतं. वेट्रेसने मॅनेजरला बोलावलं, तो आला, सगळ्यांचे पासपोर्ट पाहिले, आणि हसत हसत म्हणाला की कायदा मला माहीत आहे पण आमच्या इथे नाही चालत. मावशी त्याला समजावून सांगतेय की मी याची सख्खी आई आहे, अगदी जन्माच्या दाखल्यावर आल्यासारखी, तो माणूस फक्त मान डोलवतोय. शेवटी पोराने आइस्ड टी घेतला, त्याचे रीफिल फुकट असतात, त्याने चार ग्लास रिचवले.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, तुमची मुलगी का भडकली ते. ही सूट फक्त आईवडील, कायदेशीर पालक किंवा २१ च्या वरचा नवरा-बायको यांनाच आहे. मोठी बहीण त्यात येत नाही. समजा तुम्ही दोघं जेटलॅगमुळे हॉटेलवर झोपले आणि पोरगी भावाला घेऊन मित्रांकडे गेली, तिथे तिने त्याच्या हातात कॅन दिला, तर गुन्हेगार ती होते. टेक्सासमध्ये त्याला क्लास ए मिसडिमिनर म्हणतात, एक वर्षापर्यंत जेल आणि ४००० डॉलरपर्यंत दंड. त्याला स्वतःला ५०० डॉलरपर्यंत. आता तिचं शिक्षण संपलं, पुढे ओपीटी म्हणजे शिक्षणानंतर काम करायची परवानगी, नोकरी, मग एच-१बी हा नोकरीचा व्हिसा, आणि व्हिसाच्या फॉर्मवर विचारतात की कधी अटक झाली का. पोरगी उगाच नाही घाबरली काका, तिने आजूबाजूला पाहिलं असेल.

आणि गाडीत उघडलेली बाटली अजिबात नाही, मागच्या सीटवर पण नाही. २१ च्या खालच्याने थोडीशीही घेऊन गाडी चालवली तर इथे आकडा किती आला ते पाहतच नाहीत, वास आला तरी पुरे.

खामल्याची ताई

मी वेगळंच बोलते, राग मानू नका. एवढ्या लांब पोरीच्या कॉन्व्होकेशनला चालले आणि चर्चा काय तर अर्धा ग्लास बीअर. तुमच्या मिसेस बोलत नाहीत म्हणता, त्यांना एकदा नीट विचारा तरी.

बरं ते जाऊ द्या. दुबईचं कोणी लिहिलंच नाही. तिथे २१ च आहे, आईवडील सोबत असले तरी २१ च, आणि लायसन्सवाल्या हॉटेल-रेस्टॉरंटसारख्या ठिकाणीच प्यायची, बाहेर रस्त्यावर, बीचवर नाही. शारजाहमध्ये तर पूर्ण बंदी आहे, अगदी लागून आहे दुबईला, टॅक्सीने फिरायला जाल तर पर्समध्ये बाटली नको. माझी बहीण आहे तिकडे, ती पाहुण्यांना आधी हेच सांगते.

आणि ड्युटी फ्रीला भावांनो जपून. अमेरिकेत आणायला माणूस २१ चा लागतो. तिघं आहोत म्हणून तीन बाटल्या घेऊ असा हिशोब आपले लोक करतात, पोराच्या नावावर एक. तसं नाही चालत.

जर्मनीत माझा भाचा शिकतो, तिथे १६ वर्षांचा पोरगा दुकानातून बीअर आणतो आणि कोणाला काही वाटत नाही. जपानमध्ये आता १८ ला सज्ञान मानतात पण दारूला २० च ठेवलं. म्हणजे अ‍ॅडल्ट आहे म्हणून चालते हा मुद्दा सगळीकडे टिकत नाही.

कोर्ट रोड

ताईंशी सहमत. वकील आहे म्हणून दोन गोष्टी जोडतो. आपल्याकडे १८ च्या खालच्या मुलाला दारू दिली तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, आणि त्यात बापाला वेगळी सूट लिहिलेली नाही. काकांचा मुलगा २० चा आहे त्यामुळे हे त्यांना लागू नाही, पण वाचणारे आणखी पण असतील, घरच्या कार्यक्रमात १५-१६ च्या पोरांना थोडीशी चाखून बघ म्हणणारे मामा-काका मी खूप पाहिले.

दुसरं, परदेश कशाला, पेंचला जाऊन बघा. सिल्लारीच्या बाजूने राहिले तर महाराष्ट्र, हार्डला २५. तेच जंगल, हायवेने थोडं पुढे जाऊन तुरिया गेटला राहिले तर मध्य प्रदेश, २१. वाघ तोच, जिप्सी तीच. २२-२३ चे पोरं-पोरी घेऊन फॅमिली जाते तेव्हा कोणाच्या डोक्यात पण येत नाही. आणि तिकडून स्वस्त मिळते म्हणून डिकीत टाकून आणायची नाही, परराज्यातली दारू विना परवाना आणली तर उत्पादन शुल्कवाले गाडीसकट जप्त करतात, मग गाडी सोडवायला माझ्याकडे येतात. तसंच समृद्धीने निघाले की लगेच वर्धा जिल्हा लागतो, तो कोरडा. सीलबंद असली तरी नाही.

तर्रीबाज

वकील साहेब वाघाचे वय पण सांगा, तो महाराष्ट्रातून एमपीत जाऊन पिऊन येत असन 😂

लक्ष्मीनगरवाले काका

सगळ्यांचे आभार. ताई, राग कशाचा, बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली या बाईंचा नंबर घे. मुलाला पण दाखवलं, तो म्हणतो टेक्सासमध्ये माझंच बरोबर निघालं ना. आता त्याला काय बोलू. महालच्या भाऊ, एक राहिलं, वेगासचं काय? तिथे तर सगळं मोकळं असतं म्हणतात.

महालचा टेक्सन

मोकळं फक्त २१ च्या वर. तुमची आईवडिलांची टेक्सासवाली सूट वेगासच्या बारमध्ये धरून बसू नका, तिथे २१ म्हणजे २१. कॅसिनोच्या फ्लोअरवरून त्याला लिफ्टकडे किंवा जेवायला चालत जाता येतं, पण मशीनजवळ तुमच्या बाजूला उभा राहिला तर सिक्युरिटीवाला येऊन पुढे व्हा म्हणेल. तुम्ही खेळणार असाल तर तो आणि काकू बाहेर फिरतील असं आधीच ठरवून घ्या, रात्री स्ट्रिपवर, म्हणजे तिथल्या मुख्य रस्त्यावर, पाहायला खूप आहे.

आणि हो, लिहायचं राहत होतं. त्याचा वाढदिवस ७ सप्टेंबर म्हणाले ना, पासपोर्टवर ते ०७/०९ असं येईल. इथे लोक आधी महिना वाचतात, म्हणजे ९ जुलै. घाईत असलेला वेटर त्याला २१ पूर्ण झाले समजून ग्लास आणून ठेवू शकतो. पोराला ही गोष्ट विमानात बसायच्या आत कळणार, आजकालचे पोट्टे आहेत. तसा ग्लास समोर आला तर परत पाठवा, कारण चूक वेटरची असली तरी वय तर तेच राहतं. पोरीला सांगा मी बाजूलाच आहे, काही लागलं तर मेसेज टाकायचा, आणि येताना हल्दीरामची संत्रा बर्फी आणा.